टोपलीतले फोन

पक्षाच्या अध्यक्षांना खुर्चीवरून खाली खेचायचं, तर बातमी फुटून चालणार नव्हती. म्हणून बैठकीआधी उपाध्यक्षांनी कसलीच कसर सोडली नाही. खिडक्या लावून घेतल्या, पंखा फुल्ल सोडला आणि "हल्ली खिशातला फोनही चोरून ऐकतो बरं का!" असं म्हणत बैठकीला आलेल्या आठही सदस्यांचे फोन आपल्या फोनसकट एका टोपलीत गोळा केले. ती टोपली दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपाई मावशींच्या मांडीवर ठेवली.

तासाभरात आठही जणांनी उपाध्यक्षांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, "साहेब, काही झालं तरी आम्ही तुमच्याच बाजूने!" त्यांना तर नवी खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली. मिशीवर हात फिरवत ते सगळ्यांच्या आधी बाहेर आले आणि त्यांनी आपला फोन मागितला.

मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काळजीने त्यांच्या हातात ठेवला.

"साहेब, जरा दुरुस्तीला टाका हा. मघाशी बाकीच्या आठही फोनवर अध्यक्षांचा मेसेज झळकला, 'काय ठरलं?' म्हणून. तुमचा एकटाच मेला ढिम्म!"