पडद्यावरचं टिंब

मुलीचं बारसं झालं, त्याच वर्षी गजेंद्रनं सॉफ्टवेअर कंपनी विकून तालुक्याला दहा रुग्णवाहिका दिल्या. त्या बोलावायचं ॲपही त्यानंच लिहिलं.

श्रावणात तो आपल्या गावी, पिंपळगावला, आला असताना कोंडाआत्याला साप चावला.

"जीपमध्ये घाल तिला, गजा!" शेजारचे तात्या ओरडले.

"थांबा तात्या, आपल्या गाडीत इंजेक्शन आहे. दहा मिनिटांत येतेय." मोबाइलवरचं टिंब पिंपळगावकडे सरकत होतं.

"तुझीच गाडी ना? मग येईल," आत्या जड जिभेनं म्हणाली.

टिंब थांबलं. पडद्यावर 'पोहोचलो' उमटलं. रस्ता रिकामाच होता.

फोन वाजला. "साहेब, पिंपळगावच्या पारावर उभा आहे. पेशंट कुठाय?"

इथं पार नव्हता. पार होता नदीपलीकडच्या दुसऱ्या पिंपळगावात, आणि ॲपमध्ये गजेंद्रनं तेवढंच पिंपळगाव घातलं होतं.

जीप निघाली. कोंडाआत्या त्याच दुपारी, पावणेदोनला, वाटेत वारली.