हजर, बाई

खेळाच्या सामानाच्या खोलीला बाहेरून कडी घालून ताई वर्गात आली आणि साळूच्या मागच्या बाकावर बसली. वयाने नव्हे, धाकाने ती सगळ्यांची ताई होती.

"चिमणी आत आहे," ती कुजबुजली. "बाई तिला शोधायला उठल्या, तर तुझी धडगत नाही."

साळू आणि चिमणी जिवाभावाच्या मैत्रिणी. एकीला उशीर झाला, की दुसरी तिच्या आवाजात हजेरी द्यायची.

बाईंनी आल्या आल्या साळूलाच उठवलं. "कालच्या गोष्टीतल्या दोघींची तुलना कर."

"पहिली घोळक्याला भिऊन मैत्रिणीला एकटं टाकते. दुसरी तिच्यासाठी सगळ्यांशी वैर घेते." साळू पुढे म्हणाली, "मैत्रीण दुसरीच, बाई. पहिली नुसती ओळखीची."

"शाब्बास! अगदी मनापासून बोललीस."

लांब कुठेतरी दार धडधडलं. ताईची पट्टी साळूच्या पाठीत रुतली.

"अगं बाई, हजेरी राहिलीच की!" बाई मान वर न करता एकेक नाव घेऊ लागल्या. चिमणीचं नाव आलं.

साळूने आवाज बारीक केला आणि हुबेहूब चिमणीसारखी म्हणाली, "हजर, बाई."