मोजायचं गाव

"रस्ता बरोबर आहे, साहेब. गाव तेवढं चुकलंय," चालक म्हणाला आणि त्याने गाडी थांबवली. नेहमीचा चालक रजेवर होता. हा बदलीवर आलेला.

मूल्यमापन अधिकारी खाली उतरले. रस्त्याला लागून कालव्याची चारी होती. ती कोरडी होती. त्यांनी वाकून तळाची माती उकरली. वीतभर खालीही ओल नव्हती. चारीच्या लोखंडी दारावरचा गंज एका वर्षाचा नव्हता.

शेजारच्या शेतात एक बाई गुडघ्याएवढा मका कापत होती. त्याला कणीस धरलेले नव्हते. तो आता जनावरांपुरता होता. तिने गाडीवरची सरकारी पाटी पाहिली.

"चुकलात तुम्ही. मोजायचं गाव पुढे आहे, सहा किलोमीटर."

"मोजायचं गाव?"

"दर वर्षी येऊन मोजता ना, ते. माझ्या थोरल्या बहिणीला तिथंच दिलंय, तिच्याच अंगणात बसून लिहिता तुम्ही. पाणी तिकडंच जातं."

"पाणी सगळ्या गावांना सारखंच सोडतात," अधिकारी म्हणाले. धोरणाच्या पहिल्या पानावर तसे छापलेले होते.

"कागदावर सोडलेल्या पाण्यानं कागदसुद्धा भिजत नाही, साहेब. मका कुठला भिजायला?" ती म्हणाली आणि पुन्हा कापू लागली.

राष्ट्रीय कृषी धोरणाच्या मूल्यमापनाची पद्धत त्यांनीच आखली होती. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून चाळीस गावे निवडली. त्यानंतर दर वर्षी तीच गावे आणि तेच प्रश्न. कारण तुलना करायची तर मोजपट्टी बदलू नये. भेटीच्या हंगामापूर्वी गावांची यादी कालवा कार्यालयाला जाई, म्हणजे तिथली कागदपत्रे तयार राहत. असे आठ अहवाल झाले आणि नवव्यासाठीचा हा शेवटचा दौरा होता. नवव्यात आतापर्यंत हंगामाला सरासरी सहा पाळ्या पाणी मिळाल्याची नोंद होती. प्रत्येक अहवालाखाली त्यांची सही होती, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले होते.

पुढच्या गावात चारी काठोकाठ वाहत होती. थोरल्या बहिणीने अंगणात खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. नऊ वर्षांच्या सवयीने तिने प्रश्नाची वाटही पाहिली नाही.

"पाळ्या सहा. माती तपासून झाली. बियाणं वेळेवर आलं. लिहा."

अधिकाऱ्यांनी लिहिले नाही. "वाटेत तुमच्या धाकट्या बहिणीच्या गावात थांबलो होतो," ते म्हणाले. "तिथली चारी कोरडी आहे. तुम्हाला हे माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, भाऊ. तुम्हाला नव्हतं होय?"

त्यांनी प्रश्नावली मिटली. ती म्हणाली, "इथला चारा मी दर वर्षी तिच्याकडं पाठवते. पण पाणी काही गाडीत भरून पाठवता येत नाही."

"पुढच्या वर्षी मी गावं बदलणार आहे. नव्यानं चिठ्ठ्या टाकीन."

"म्हणजे आमचं गाव निघेल?"

"निघू शकतं."

तिने चारीकडे पाहिले. चारीपलीकडचा मका डोक्याच्या वर गेलेला होता.

"आणि नवी यादी कालव्याच्या हापिसात देणार?"

"तसा नियम आहे."

"मग पाणी नुसतं गाव बदलेल. यादी देणारच असाल तर आमचंच नाव राहू द्या. निदान माझी जनावरं आणि तिची जगतील. नाहीतर यादी कोणालाच देऊ नका." ती थांबली. "मलासुद्धा."

अधिकारी परत आले आणि त्यांनी पद्धतीतले एकच कलम बदलले. नव्या चिठ्ठ्या टाकल्या आणि यादी लखोट्यात बंद केली. कोणत्या गावाला जायचे, ते चालकालाही गाडी सुरू झाल्यावरच कळे. कालवा कार्यालयाला एका ओळीचे पत्र गेले: यंदा कोणतेही गाव मोजले जाईल. त्या वर्षी कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांनी अगदी शेवटच्या चारीपर्यंतच्या दारांना तेल घातले. कुठले दार बंद ठेवणे सुरक्षित आहे, हे आता कोणालाच सांगता येत नव्हते.

नव्या चाळीस गावांत दोघी बहिणींपैकी कोणाचेच गाव नव्हते. तरीही अधिकारी वाट वाकडी करून दोन्हीकडे जाऊन आले. थोरलीच्या गावाला तीन पाळ्या मिळाल्या होत्या. धाकटीच्या गावालाही तीनच. ही माहिती अहवालात घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती घातली नाही.

दहावा अहवाल संचालकांच्या टेबलावर गेला. संचालक वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि कामाला चोख होत्या. अधिकाऱ्यांच्या मुदतवाढीचा प्रस्तावही त्याच टेबलावर, सहीसाठी थांबलेला होता. संचालकांनी शेवटचे पान आधी उघडले.

"सहावरून तीन," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं आलेख चढता होता. आणि या वर्षी थेट निम्म्यावर. मंत्र्यांपुढे मी हे कोणत्या तोंडानं ठेवू?"

"आकडे बरोबर आहेत, मॅडम. मी ते दोनदा तपासलेत."

"आकड्यांबद्दल नाही विचारत मी. निष्कर्षाची जागा तुम्ही कोरी सोडलीय." त्यांनी पेनचे टोपण काढले. "काय लिहू इथं? दहाव्या वर्षी धोरण फसलं?"

"नाही, मॅडम," अधिकारी म्हणाले. "दहाव्या वर्षी धोरण लागू झालं, असं लिहा."