पोस्टखालचा निरोप

पायसांदू शहरातल्या कॅनरी पक्षी पाळणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर पोस्टखाली निरोपाचा शब्द हवाच, असा नियम होता. निवृत्त पोस्टमास्तर एलेउतेरिओने 'आपला नम्र' लिहून पाहिलं.

"नम्र? तू?" पाठीमागच्या खुर्चीतून बायको, निदिया, हसली. "घरात आपण दोघं. तसंच लिही की!"

त्याने लिहिलं, 'आम्हा दोघांकडून नमस्कार.'

पोस्टखाली उमटलं, 'आम्हा तिघांकडून नमस्कार.'

"तिसरी कोण रे, मेल्या?"

त्याने दुरुस्त केलं. पुन्हा तिघं. आठ वेळा दुरुस्त केलं, आठही वेळा तिघं. निदियाचं हसू कधीच थांबलं होतं.

"बंद कर ते, एले. मला भीती वाटतेय."

"एकदाच, शेवटचं." एकेक अक्षर दाबून त्याने निरोप लिहिला.

या वेळी 'दोघांकडून' जसंच्या तसं राहिलं.

"सुटलो एकदाचा!" म्हणत त्याने स्क्रीनवरची नजर न काढता माटेच्या कढत काढ्याचा प्याला मागे धरला. तो हातातून घेतला गेला. प्याल्यातल्या नळीतून शेवटचा घोट सुर्रकन ओढल्याचा आवाज आला.

मग त्याने सहज खिडकीबाहेर पाहिलं. भर दुपारच्या उन्हात, समोरच्या फुटपाथवर, निदिया अनवाणी उभी राहून दोन्ही हातांनी त्याला बाहेर बोलावत होती.

रिकामा प्याला त्याच्या खांद्यावरून पुढे आला.