कॅमेरा जोडताना

"पाचवाल्याला जोड गं, पाचवाल्याला!" फोनच्या स्पीकरमधून थोरली नणंद तिसऱ्यांदा ओरडली. "आमच्याकडे सगळं पाचवरच चालतं. ते दुसरं हळू असतं."

सून सासूबाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लिंबाएवढा पांढरा कॅमेरा. कॅमेरा पाठवला नणंदेनं, ॲपमधलं खातंही तिच्याच नावाचं, आणि भिंतीवर चढवायचा मात्र सुनेनं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

घरात राउटर एक, पण त्याची नेटवर्क दोन. एक पाचचं, वेगवान. दुसरं दोन पॉइंट चारचं, जरा हळू, पण भिंतीपलीकडे पोचणारं. या कॅमेऱ्याला फक्त हळूवालंच चालतं, असं खोक्यावर स्पष्ट छापलं होतं. सुनेनं ते सकाळीच वाचलं होतं, आणि मूग गिळून बसली होती. नणंद म्हणेल तसं ती निमूटपणे पाचवालं निवडत होती. कॅमेरा लाल दिवा मिचकावून "नेटवर्क सापडले नाही" म्हणाला, की तिला आतून बरं वाटत होतं.

"आईला बघता यावं म्हणून गं," असं नणंद म्हणाली होती. आईला बघायला फोन होताच की! कॅमेरा कुणावर नजर ठेवायला आलाय, हे न कळण्याइतकी सून दुधखुळी नव्हती. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर नणंदेला आईच्या दंडावर निळा डाग दिसला. रक्त तपासायला सुई टोचली होती, त्याचा डाग. सुनेनं तसं सांगितलंही. "बरं," एवढंच म्हणाली नणंद, आणि आठ दिवसांत खोकं दारात. नवरा म्हणाला, "लावून टाक ना, कशाला वाद?" आणि डबा घेऊन कामावर गेला.

"झालं का?"

"नाही, ताई. सापडत नाही म्हणतोय."

"असं कसं सापडत नाही? तुला जोडायचंच नाहीये, असं म्हण ना सरळ." नणंदेचा आवाज खाली आला. "लपवण्यासारखं काही नसेल, तर एवढा वेळ कशाला लागतोय?"

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं दर दोन तासांनी कूस बदलून दिली होती तिनं, रात्रीसुद्धा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर एक चट्टा पडू दिला नव्हता. आणि लपवण्यासारखं!

तिनं हळूवालं नेटवर्क निवडलं, पासवर्ड घातला. दिवा हिरवा झाला. अर्धा मिनिटही लागलं नाही. कॅमेरा तिनं भिंतीवरच्या स्टँडमध्ये बसवला आणि त्याचं तोंड पलंगाकडे वळवलं.

"दिसली! आई! अगं आई, मी बोलतेय!"

आवाज आता भिंतीवरून येत होता. सासूबाईंनी दाराकडे बघितलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती, पण ऐकू येत होतं आणि कळतही सगळं होतं.

"चल, आता तू तुझं काम कर," नणंद म्हणाली. "मी इथे आहे असं समजूच नकोस."

"करते ना."

चार वाजले होते, डायपर बदलायची वेळ. सुनेनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चादरीला हात घातला.

"अगं थांब, थांब! आधी कॅमेरा तिकडे फिरव."

"का फिरवू? बघायलाच लावलाय ना? मग बघा. पाठ बघा, मांड्या बघा, कुठे डाग सापडतोय का नीट बघून घ्या!"

तिनं चादर ओढली. निघाली नाही. पुन्हा ओढली.

सासूबाईंनी चादरीची कड आपल्या चालत्या हातात गच्च धरून ठेवली होती. बोटं पांढरी पडली होती. डोळे मिटलेले होते.

सून वाकलेली तशीच राहिली. राग तसूभरही उतरला नव्हता, पण तो ती कुणावर काढायला निघाली होती, ते तिला दिसलं. तिची तिलाच किळस आली.

तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कॅमेऱ्यावर टाकला.

"ए, काही दिसत नाहीये," भिंतीवरून आवाज आला. "गेलं वाटतं नेटवर्क. तरी मी सांगत होते, पाचवालं घे म्हणून!"

"नेटवर्क आहे, ताई."

"मग?"

"आई लाजल्या."

"मला? अगं, मी मुलगी आहे तिची!"

चादर सुनेनं सासूबाईंच्या गळ्यापर्यंत वर घेतली, कडा नीट केल्या. "चुकले, आई," ती हळूच म्हणाली आणि हात मागे घेऊन बसून राहिली.

टॉवेलाखालून नणंद बोलतच होती. पोटच्या मुलीला कोण लाजतं, हे असलं कुणी शिकवलं, भाऊ घरी आला की बघतेच.

सासूबाईंनी डोळे उघडले. टॉवेल टाकलेल्या त्या वस्तूकडे एकदा बघितलं, मग सुनेकडे. आणि चालत्या हातानं चादर त्यांनी आपली आपणच बाजूला सारली.