जादा वायर

घरातली सगळी बटणं बंद होती, फ्रिजचाही प्लग काढला होता, तरी मीटर फिरतच होता.

“एकट्या बाईच्या घरात एवढी वीज खातंय कोण?” बाई वैतागल्या.

वायरमनने तासभर भिंती चाचपल्या. शेवटी जिन्याखाली एक जादा वायर सापडली. ती सरळ वर गेली होती.

“वर काय आहे?”

“माळा. आमचे हे वारले, तेव्हापासून कुलूपच आहे.”

त्याने वायर सोडवली. मीटर जागच्या जागी थांबला.

“सापडला चोर,” तो हसून म्हणाला.

तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला, “लाइट गेली का गं?”

बाईंनी जिन्याचा कठडा धरला.

“हो,” त्या वर पाहून म्हणाल्या. “येईल आत्ता.”

मग वायरमनकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “जोडा ती परत.”