पेठेतला शेवटचा कंदील

इंदापूरच्या जुन्या पेठेतले ओतीव लोखंडाचे, वेलबुट्टीचे दिव्याचे खांब विजयसिंह ठेकेदारानं पार विद्रूप करून टाकले होते. वरचा कंदील कापायचा, एलईडीची चपटी पाटी ठोकायची आणि पानाफुलांवर चंदेरी रंग फासायचा. एवढ्या दिवसांत पेठेतल्या कुणी त्याला साधं पाणीही विचारलं नव्हतं.

शेवटच्या खांबापाशी तिन्हीसांज झाली.

"बघत काय बसलाय? उडवा मुंडकं!" तो कामगारांवर खेकसला.

खांबाखाली भाजी विकणारी सिंधुबाई ताडकन उठली. "तिनिसांजंचं असलं बोलू न्हाय. वास्तू तथास्तु म्हणती."

"खांबाला कुठली आलीय वास्तू? गप बस, म्हातारे!"

ग्राइंडर किंचाळला. कंदील खाली आदळून फुटला आणि त्याच वेळी मागच्या खांबांवरचे पांढरेफटक दिवे लागले.

सिंधुबाईनं हात जोडले, पण दिव्यांना नव्हे, समोरच्या भिंतीला. विजयसिंहानं तिकडं पाहिलं. भिंतीवर कापलेल्या खांबाची सावली पडली होती. तिच्या माथ्यावर कंदील होता, वेलबुट्टीसकट, अख्खा.

खांबाच्या सावलीशेजारी सिंधुबाईची सावली होती आणि तिच्या पलीकडं त्याची स्वतःची. ती खांद्यापाशीच संपत होती.

"आता बघा की, ठेकेदार," सिंधुबाई म्हणाली.

कपाळ चाचपायला विजयसिंहानं घाईघाईनं हात वर नेला. भिंतीवरचा हात मोकळ्या जागेत नुसताच चाचपडत राहिला.